डावीकडे पाव फेरा

झाशी, रविवार, ३ मे १९९८

चि. सौ. बकुळा हिला बाबांचे आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून उघडावं की नाही, असं तुला वाटलं असेल. उघडलंस म्हणून पुढचं लिहितो. विषय कोर्टाचा नाही. मागच्या महिन्यात तू घटस्फोटाच्या अर्जावर सही करायला आलीस आणि कोर्टातून तशीच स्टेशनवर गेलीस, घरी आली नाहीस, त्याचीही तक्रार नाही. हिने मात्र चार पोळ्या जास्त केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी दुधात कुस्करून खाल्ल्या.

विषय गिटारचा आहे. तुझी गिटार नीट झाली.

बाबांना गिटारमधलं काय कळतं, असं म्हणशील. बरोबर आहे. बत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त केल्या, आणि वाघिणीला गाता यावं लागत नाही. पण तू गेलीस तेव्हा गिटार इथेच ठेवून गेलीस. रिटायर्ड माणसासमोर मोडकी वस्तू ठेवली की तो किती दिवस नुसता बघत बसणार? आधी बड़ा बाज़ारातून एक भंगारातली गिटार आणून ती खोलली. तिची मान मोडली. मग दुसरी आणली. तिच्यावर शिकलो आणि मग तुझ्या गिटारला हात लावला.

मानेच्या पोटात लोखंडी दांडा असतो, हे तूच मला नवी सून म्हणून आलीस तेव्हा दाखवलं होतंस. मी म्हटलं होतं, गाण्याच्या वस्तूत नट-बोल्ट कशाला? तू म्हणालीस, "सहा तारा मिळून मानेला सत्तर किलोने पुढे ओढतात बाबा. कुणीतरी आतून मागे धरायला नको?" तो दांडा शशिकांतच्या हातून नट भलतीकडे फिरल्यामुळे आट्यापाशी तुटला होता. मी मानेवरची बोटांची पाटी इस्त्रीच्या गरम पात्याने सोडवली, जुना दांडा काढला, नवा घडवून त्याला आटे पाडले आणि पाटी सरस लावून परत बसवली. आता मान सरळ आहे. तुझ्या वडिलांनी इथल्या बबिन्याच्या लष्करी छावणीत असताना घेतलेली वस्तू, ती अशी पडून राहू नये एवढंच मनात होतं.

बेळगावला पाठवू की तू नेशील, ते कळव. शशिकांतची बदली समथरला झाली आहे. शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या बसने जातो. त्याने काही लिहायला सांगितलेलं नाही, हे आपलं स्पष्ट सांगून ठेवतो.

तुझे
बाबा


झाशी, ७ जून १९९८

चि. सौ. बकुळा,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. गिटार तुम्हीच ठेवा, श्रमांबद्दल आभार, आईंना नमस्कार, उत्तराची गरज नाही. गरज नाही म्हणजे मनाई नाही, असा अर्थ मी लावून घेतला. म्हाताऱ्याला एवढी सवलत दे.

काल पारा सेहेचाळीसला होता. मी दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगले आहेत, एकाच्या बुडाला ओली वात बांधली आहे. दोन्ही आकड्यांत जेवढं अंतर, तेवढी हवा कोरडी. तू असताना मला हे कळत नव्हतं. काल अंतर इतकं पडलं की मी वात सुकली की काय म्हणून बघायला उठलो. वात ओलीच होती.

या हवेत गिटारचं काय होतं ते आता मला तोंडपाठ आहे. लाकडातलं पाणी उडतं, पुढची फळी आत बसते, मान मागे कलते आणि तारा पडद्यांवर आडव्या होतात. मग वाजवलं की माशी अडकल्यासारखी भणभण. हल्के मिस्त्री परवा आले होते, तेच, ज्यांनी आपली दारं बसवली. त्यांनी पाटीवर बोट फिरवलं. पडद्यांची टोकं बाहेर आली होती, ती बोटाला लागली. म्हणाले, "काए दद्दा, जा लकड़ी तो प्यासी आय।" मी साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला स्पंज ठेवला आणि डबी गिटारच्या पेटीत सोडली. दर चौथ्या दिवशी स्पंज ओला करतो. ही म्हणते, "नातवंडाला पाजल्यासारखं चाललंय यांचं." मग स्वतःच उठून आत गेली. शब्द तोंडातून जायचा तो गेला.

शशी शनिवारी आला की पेटीकडे बघत नाही. जेवतो, वर्तमानपत्र वाचतो. मी काही विचारलं तर मोठ्याने उत्तर देतो. सगळेच आता माझ्याशी मोठ्याने बोलतात. कानाचं यंत्र आणलं आहे. दोन वर्षांपूर्वीच आणायला हवं होतं.

खालची एक ओळ मी खोडली आहे. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. पुढच्या वेळी खोडणार नाही.

बाबा


झाशी, २६ जुलै १९९८

चि. सौ. बकुळा,

पंधरा दिवस झड लागली आहे. दोन्ही थर्मामीटर जवळजवळ एकच आकडा दाखवतात. गिटारची फळी फुगली, मान पुढे आली, तारा वर गेल्या. मी नट उजवीकडे पाव फेरा फिरवला आणि एक दिवस तसाच राहू दिला. लाकूड लगेच ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी मान सरळ. तुझ्या वडिलांचा नेम तू सांगितला होतास, तोच हा: पाऊस लागला की उजवीकडे पाव, उन्हाळा लागला की डावीकडे पाव, आणि मध्ये एक दिवस थांबायचं.

आता खोडलेली ओळ लिहितो. त्या दिवशी नट फिरवायची चावी शशीच्या हातात नव्हती, माझ्या हातात होती.

तू बहिणीच्या लग्नासाठी बेळगावला गेली होतीस. मे महिना होता. सकाळी तुझा फोन आला, तो शशीने घेतला. ऑफिसला निघण्याच्या गडबडीत त्याने दारातून मला सांगितलं, "बाबा, गिटारचा नट फिरवायचा आहे, नाहीतर गर्मीत मान वाकेल म्हणे. संध्याकाळी येऊन मी करतो. डावीकडे, पाव फेरा." कूलर घरघरत होता. माझे कान तेव्हाच अर्धे गेले होते. रिव्हेटच्या हातोड्यांनी आमच्या कारखान्यातल्या सगळ्यांचेच जातात. मी ते कुणाला कळू देत नसे. लोकांच्या ओठांकडे बघून मान हलवायचो. शशीचे ओठ दिसले नाहीत, तो पायात बूट घालत होता. मला ऐकू आलं, दाईं, म्हणजे उजवीकडे.

आमच्या घरात गेल्या चार पिढ्यांत डावा-उजवा कुणी म्हणत नाही. सीधा हात, उलटा हात. कारखान्यात दाएँ कसो, बाएँ ढीला करो. तू नवी आलीस तेव्हा किती हसायचीस. शशीला म्हणायचीस, "तुमचं मराठी म्हणजे धोतरावर कोट." तो चिडायचा. म्हणून मला वाटलंच नाही की हा पोरगा कधी डावीकडे म्हणेल. तो म्हणाला होता. तू जसं सांगितलंस तसं, तुझा शब्द, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता. नेहमीसारखं बाएँ म्हणाला असता तर मी चुकलो नसतो.

बकुळा, त्याने तुझं बरोबर ऐकलं होतं. हे तुला कळावं म्हणून मे महिन्यापासून तीन पत्रं झाली. नवीन दांड्याचं एवढं पुराण लावलं, ते या एका ओळीपर्यंत यायला.

बाबा


झाशी, ३० ऑगस्ट १९९८

चि. सौ. बकुळा,

उत्तर आलं नाही. यावं असं मी काही केलेलं नाही. पण गेल्या पत्रात मी स्वतःला जरा स्वस्तात सोडवलं. कान, कूलर, दाईं. वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याचा काय दोष. तेव्हा उरलेलं लिहितो.

पाव फेरा दिल्यावर मी तार छेडली. भणभण वाढली. वाढली हे मला ऐकू आलं, तेवढं ऐकू येत होतं. तिथे थांबायला हवं होतं. संध्याकाळी शशी येणारच होता. पण मला वाटलं, बत्तीस वर्षं नट फिरवले, एका गाण्याच्या खोक्यापुढे हरायचं? आमच्याकडे सैल वाजलं की आवळायचं. मी आणखी पाव दिला. मग आणखी पाव. पाऊण फेरा झाला आणि आत कट् असं झालं. तो आवाज कानाने नाही, मनगटाने ऐकला. मग नट नुसता गरगर फिरायला लागला.

मी गिटार पेटीत ठेवली, पेटी पलंगाखाली सरकवली आणि हात धुऊन चहा मागितला.

शशीला संध्याकाळी कळलं. चावी पेटीतच राहिली होती, माझी, कारखान्यातली, तिच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली. त्याने ती काढून माझ्या हत्यारांत ठेवली आणि एवढंच म्हणाला, "बकुळाला मी बोलेन." त्याच महिन्यात हिच्या भाच्याच्या मुंजीत मी चार माणसांत भलतंच ऐकून भलतंच बोललो होतो आणि लोक हसले होते, आठवतं? तूही पदर तोंडाला लावला होतास, मी पाहिलं, राग आला नाही. पण शशीला ते लागलं होतं. लोकांनी बापाला पुन्हा हसू नये, एवढ्यासाठी त्याने केलं, असं मी समजतो. मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणावं लागलं असतं.

मग तू परत आलीस. पेटी उघडलीस. तुमचं जे बोलणं झालं ते माझ्या समोर झालं. तेवढं मात्र मला सगळं ऐकू आलं, कारण तुम्ही दोघं पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होतात.

"कुणी फिरवला?"

"मी."

"कुठल्या बाजूला?"

"दाईं. तूच दाईं म्हणालीस."

"मी डावीकडे म्हटलं. दोनदा म्हटलं."

"फोन पे क्या पता चलता है."

तेव्हा तू म्हणालीस, "चार वर्षं या घरात मी बोलते आहे. इथे कुणाला ऐकू येतं का?"

मी खुर्चीत होतो, हातात बशी होती. तू 'कुणाला' म्हणालीस आणि माझ्याकडे पाहिलंसही नाहीस, इतकी तुझी माझ्याबद्दल खात्री होती. मी बशीतला चहा पिऊन टाकला. तुमच्यात आधीपासून काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक. सगळं त्या नटावर लोटण्याइतका मी भोळा नाही. पण त्या दिवशी तू उठलीस ती त्या वाक्यावरून उठलीस. आणि ते वाक्य ज्याला लागू होतं तो चहा पीत होता.

बाबा


झाशी, ४ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. बकुळा,

थोडंच लिहितो. काल शशी आला. मी त्याला तुला लिहिलेलं सगळं सांगितलं. आधी त्याला कळेना. "लिख दिया? पाठवलं पण?" मी म्हटलं, जुलैत आणि ऑगस्टमध्ये. तो उठून अंगणात गेला, परत आला, परत गेला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "नुसत्या येरझारा घालायच्या असतील तर सोबत तुळशीला पाणी तरी घाल." त्याने खरंच घातलं.

मग बसला. मी विचारलं, "अरे, माझं नाव नाही घेतलंस, ठीक. पण नंतर? तुम्ही दोघं एकटे असताना? ती गेली तेव्हा? टपाल होतं, फोन होता."

म्हणाला, "पहिल्या दिवशी नाही बोललो, बाबा. मग रोज एक दिवस जास्त होत गेला."

तारीख बारा नोव्हेंबर पक्की झाली, वकिलाची चिठ्ठी आली आहे. वकील म्हणतो, कायदा सहा महिने देतो ते माणसांनी विचार करावा म्हणून. मी त्यातले तीन पेनाचं टोपण काढण्यात घालवले. तुझ्याकडे काय मागतो ते सरळ लिहितो. सही करण्याआधी शशीशी पाच मिनिटं बोल. पुढे तुला वाटेल ते कर, मी मध्ये पडणार नाही. मला सोबत घेऊ नका. घेतलंत तरी मी बाहेर बाकावर बसेन.

बाबा


झाशी, १५ नोव्हेंबर १९९८

चि. बकुळा,

गाडी वेळेवर पोचली असेल. शेवटी तू नेलीस ती गिटार डब्यातल्या वरच्या फळीवर ठेवली नाहीस ना? तिथे पंख्याची हवा थेट येते. हे आता सांगून उपयोग नाही, तरी लिहिलं.

तुम्ही दोघं कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभे होतात तेवढा वेळ मी बाकावर होतो. पाच मिनिटं मागितली होती, तुम्ही चाळीस बोललात. कानाचं यंत्र मी काढून खिशात टाकलं होतं. तुमचं ते तुमचं. पण डोळे काढून ठेवता येत नाहीत. एकदा तू हसलीस. शशीने चष्मा पुसला. मला वाटलं, झालं. चपलांचे बंद लावून मी तयार झालो, घरी जाऊन हिला सांगू की पोळ्या टाक.

मग पुकारा झाला आणि तुम्ही दोघं आत गेलात, एकमेकांना दार धरत. बाहेर आलात तेव्हा कागद झाले होते.

तू माझ्याजवळ बसून जे म्हणालीस ते मी यंत्र लावून ऐकलं, दोनदा म्हणायला लावलं, तू दोनदा म्हणालीस. आज लिहून ठेवतो, म्हणजे बदलणार नाही. तू म्हणालीस, "बाबा, यांनी तुमच्यासाठी खोटं बोलायला माझी हरकत नव्हती. मला सांगून बोलायचं होतं. मीही बोलले असते."

मी म्हटलं, "आता कळलं ना तुला. मग?"

तू म्हणालीस, "आता कळलं म्हणूनच. दोन वर्षं मला वाटत होतं, त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी ऐकलं होतं, आणि मला जाऊ दिलं."

 मी खरं सांगितलं की गाठ सुटेल असं धरून चाललो होतो. माझ्या मनात एकच गोष्ट चुकली होती आणि एकच नट होता. तुझ्या वाट्याला ती चूक दोन वर्षं रोज आली, ती मला एका पाकिटात परत घेता येणार नव्हती. तू सही केलीस ती रागाने केली नाहीस, हे मी पाहिलं. तेवढं पाहायला मिळालं याबद्दल तुझा ऋणी आहे. निघताना तू वाकलीस आणि मी पाय मागे घेतले, त्याचा भलता अर्थ लावू नकोस. त्या क्षणी मला ते घेववेना.

शशी समथरला गेला. जाताना हिला म्हणाला, पुढच्या शनिवारी येईनच असं नाही. हिने डबा भरून दिला. तिला मी सगळं सांगितलं आहे. तिने आठ दिवस माझ्याशी नीट बोलणं ठेवलं नव्हतं, काल पहिल्यांदा विचारलं, "तिला बसायला खिडकी मिळाली होती का?" मिळाली होती म्हटलं.

गिटारबद्दल शेवटचं. माझा दांडा जुन्यापेक्षा जाड आहे, त्याला जोर कमी लागेल. बेळगावच्या पावसात मान पुढे येईल तेव्हा पाव फेऱ्याच्याही निम्मा देऊन बघ आणि दोन दिवस थांब. हात जड वाटला तर सोडून दे, जबरदस्ती करू नकोस. तू करणार नाहीसच. हे मी कुणाला सांगतो आहे.

कागदावर आता मी तुझा कुणी लागत नाही. हे पत्र कुणाचं म्हणून वाचायचं, वाचायचं की नाही, ते तू ठरव. मी महिन्यातून एकदा लिहीन. हवापाण्याचं लिहीन, हिच्या गुडघ्यांचं लिहीन. उत्तराची वाट बघत बसतो असं समजू नकोस. दुपारी दारात खुर्ची टाकतो ती उन्हासाठी. पोस्टमन सायकलवरून उतरतही नाही, लांबूनच हात हलवून ओरडतो, "आज नइयाँ, दद्दा।" मी बरं म्हणतो आणि खुर्ची आत घेतो. आज नाही, असं म्हणतो तो. आज हा शब्द त्याने अजून सोडलेला नाही.

विश्वंभर